आधी परिषद पाहावी, मग बोलावे

पावसाळा ओसरू लागला की आपल्या व्यवसायात व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो. २०१६ पासून धन्वंतरी जयंतीस राष्ट्रीय आयुर्वेद दिन साजरा होऊ लागला आणि २०२५ पासून त्यासाठी २३ सप्टेंबर ही कायमची तारीख मुक्रर झाली. धनत्रयोदशीचे धन्वंतरीपूजन तर आपल्या दवाखान्यांत व औषधालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेच. या दोन दिवसांच्या मागेपुढे गावोगावी सभागृहे ठरतात, निमंत्रणपत्रिका छापल्या जातात, ध्वनिक्षेपकवाल्यास निरोप जातो आणि कोणा वैद्याच्या शिरावर ‘चाळीस मिनिटांचे सादरीकरण’ येऊन पडते.

वक्ता विद्वान असतो, विषय महत्त्वाचा असतो, तयारीही कमी नसते. तरी दहाव्या मिनिटास मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते, विसाव्या मिनिटास मोबाईल खिशाबाहेर येतात आणि तिसाव्या मिनिटास सर्वांचे लक्ष दाराबाहेरच्या चहाच्या पातेल्याकडे लागते. आभार मानणारे ‘अत्यंत उद्बोधक व्याख्यान’ असे म्हणतात. दुसऱ्या दिवशी मात्र त्या व्याख्यानात काय सांगितले, हे उपस्थितांपैकी फारच थोड्यांना दोन वाक्यांत सांगता येते.

हा दोष आम्ही इतरांच्या पदरी बांधू इच्छीत नाही. तो आमच्या हातूनही घडला आहे, आणि त्याची किंमत केवळ श्रोत्यांच्या कंटाळ्यापुरती नसते, हे आम्हांस एका प्रसंगाने शिकविले. तो प्रसंग सांगण्यासाठी आणि त्यातून जे हाती लागले ते व्यवसायबंधूंपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गुळवेलीवरील एक व्याख्यान

कोविडच्या साथीत गुळवेलीचे नाव घरोघरी पोहोचले. मागणी एकाएकी वाढली, तसा बाजारात येणारा मालही वाढला. २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले व त्यावर बराच वाद झाला. त्याच वर्षी आयुष मंत्रालयाने सूचना काढून ओळखीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले. शास्त्रोक्त गुडूची म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही निराळी वनस्पती असून तिच्या सेवनाने अपाय होऊ शकतो, असे त्या सूचनेचे सार होते.

पुढच्या वर्षी आमच्या भागातील वैद्य व औषधी दुकानदार यांच्या संयुक्त सभेत या विषयावर बोलण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही मनापासून तयारी केली. गुडूचीची पर्यायनामे, निघंटूंतील स्थान, रस-वीर्य-विपाक, रासायनिक घटक, प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा आढावा, उलटसुलट मते, असे सर्व मिळून ६४ स्लाईड झाल्या. पन्नास मिनिटे बोललो. टाळ्या झाल्या. आम्ही समाधानाने घरी आलो.

सहा आठवड्यांनी त्या सभेस हजर असलेले एक वयस्कर दुकानदार कापडी पिशवी घेऊन आमच्या दवाखान्यात आले. पिशवीत वेलीचे तुकडे होते. राखाडी रंगाचे, बोट फिरविताच गाठी लागणारे. ते म्हणाले, “वैद्यराज, हा माल नेहमीच्या दलालाकडूनच आला. त्या दिवशी आपण पडद्यावर गाठींचे काहीतरी दाखविले होते, ते हेच का? निम्मे पोते विकून झाले आहे.” आम्ही ते तुकडे जवळच्या महाविद्यालयातील द्रव्यगुणाच्या अध्यापकांस दाखविले. ती गुळवेल नव्हती. उरलेला माल दुकानदारांनी त्याच दिवशी विक्रीतून काढला व ज्या गिऱ्हाइकांचा ठावठिकाणा ठाऊक होता त्यांना निरोप धाडले. बाकीचा माल कोणाकोणाच्या घरी गेला, हे मात्र कळले नाही.

त्या रात्री आम्ही आमचे सादरीकरण पुन्हा उघडून पाहिले. गाठींची खूण त्यात सांगितलेली होती. ती ४१व्या स्लाईडवर, नऊ ओळींपैकी सातव्या ओळीत, बारीक अक्षरांत होती. ती वाचून दाखविण्यास आम्हांस जेमतेम पाच सेकंद लागले असतील. त्या गृहस्थांच्या डोळ्यांत, कानांत वा प्रामाणिकपणात काही उणे नव्हते. उणे आमच्या बोलण्यात होते. ज्यांना ती खूण सर्वांत अधिक हवी होती, त्यांच्याकडे पाहून आम्ही बोललोच नव्हतो.

परिषद कशी आहे?

रोगी न पाहता औषध देणे आपण अशास्त्रीय मानतो. मग श्रोता न पाहता व्याख्यान देणे तरी शास्त्रीय कसे ठरावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात अध्ययन व अध्यापन यांच्या जोडीने तद्विद्यसंभाषा, म्हणजे त्याच विद्येच्या जाणकारांशी संवाद, हा ज्ञानप्राप्तीचा तिसरा उपाय सांगितला आहे. तिचे संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार. पहिली सलोख्याची, दुसरी जिंकण्यासाठी. आणि तेथेच परिषदेचेही वर्गीकरण आहे: ज्ञानवती व मूढ अशा दोन परिषदा, आणि त्या प्रत्येकीचे सुहृत्, उदासीन व प्रतिनिविष्ट असे तीन भेद.

हे वर्गीकरण वादाच्या संदर्भात आले आहे, हे खरे. प्रतिपक्षास निरुत्तर करण्याच्या तेथील युक्त्या आपल्या सभांत आणण्याचे काही कारण नाही. परंतु तोंड उघडण्यापूर्वी परिषद पारखावी, ही शिस्त दहा जणांच्या बैठकीपासून मोठ्या अधिवेशनापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते.

‘मूढ’ हा शब्द आज कानास कठोर वाटतो. आम्ही त्याचा अर्थ ‘त्या विषयापुरता अनभिज्ञ’ एवढाच घेतो, आणि या अर्थाने आपण सर्वच कोठे ना कोठे मूढ आहोत. गुडूचीच्या विपाकाविषयी वैद्य जाणकार असेल. पण पोत्यातील ओल, भेसळीच्या वाटा, दलालाची भाषा आणि पावसाळ्यात गुदामात होणारे मालाचे नुकसान यांविषयी दुकानदार आपल्याला शिकवील. संयुक्त सभेत म्हणून एकाच छताखाली दोन परिषदा बसलेल्या असतात. आम्ही त्या संध्याकाळी त्यांपैकी एकीशीच बोललो आणि दुसरीला खुर्च्या भरण्यापुरते धरले.

उदासीन परिषद आपल्याकडे सर्वांत अधिक भेटते. निमंत्रण आले म्हणून, ओळखीचे चार जण भेटतात म्हणून मंडळी येतात. त्यांना विषयाचा विरोध नसतो आणि ओढही नसते. त्यांच्यापुढे विषयाच्या व्युत्पत्तीने आरंभ करणे म्हणजे त्यांना झोपेची मुभा देणे होय. त्यांच्या रोजच्या अडचणीने आरंभ केला तर तीच मंडळी सरसावून बसतात. प्रतिनिविष्ट, म्हणजे आधीच मत ठरवून आलेल्या परिषदेशी वाद घालू नये असे चरक सांगतात. आपल्याला सभा सोडून जाता येत नाही; पण विरोधकाच्या म्हणण्यात जेवढे खरे असेल तेवढे आपणच प्रथम मांडले, तर त्याचा ताठा बराच उतरतो, हा आमचा अनुभव आहे.

परिषद पारखण्यासाठी आम्ही आता निमंत्रण स्वीकारतानाच संयोजकांस तीन प्रश्न विचारतो. कोण येणार? त्यांना या विषयाचे आधीपासून काय ठाऊक आहे? आणि उद्या सकाळी दुकान वा दवाखाना उघडल्यावर त्यांनी कोणती एक गोष्ट वेगळी करावी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर व्याख्यान तयार नाही असे समजावे. शिवाय सभेच्या आधी पंधरा मिनिटे दाराशी उभे राहून येणाऱ्यांशी दोन शब्द बोलावे. नाडी हाती घेतल्यासारखीच ही परीक्षा आहे. बोलण्याच्या ओघात ‘आत्ताच बाहेर एकांनी विचारले’ असे म्हणता येते, आणि ज्याने विचारले तो तरी शेवटपर्यंत जागा राहतो.

स्थापनेचे पाच अवयव

काय सांगावे हे ठरल्यावर ते कोणत्या क्रमाने सांगावे, याचेही मार्गदर्शन त्याच अध्यायात आहे. प्रतिज्ञा, हेतू, दृष्टान्त, उपनय आणि निगमन या पाच पायऱ्यांनी आपला पक्ष स्थापावा. महाविद्यालयात आपण हे पाच शब्द परीक्षेपुरते पाठ केले. सादरीकरणाचा याहून चांगला आराखडा आमच्या पाहण्यात नाही. गुळवेलीचेच उदाहरण पुढे चालवू.

प्रतिज्ञा म्हणजे आपले म्हणणे. ‘गुळवेलीचे प्रत्येक पोते पैसे देण्यापूर्वी उघडून तपासावे.’ हे वाक्य पहिल्या दोन मिनिटांत उच्चारले गेले पाहिजे. कथेतील रहस्य शेवटपर्यंत राखून ठेवणे कादंबरीकारास शोभते. व्यावसायिक सभेत श्रोत्याला आरंभीच कळावे की आपण त्याच्याकडून काय मागत आहोत.

हेतू म्हणजे कारण. ‘कारण तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल बाजारात येते आणि तिने अपाय होऊ शकतो.’ येथे मंत्रालयाची सूचना, तिचे वर्ष व तिचा आशय सांगावा. संशोधनाचा आढावा येथे चार वाक्यांत संपवावा. अधिक हवे असणाऱ्यांसाठी छापील टिपण ठेवावे.

दृष्टान्ताची चरकांनी केलेली व्याख्या मोठी मार्मिक आहे. अडाणी आणि विद्वान या दोघांचीही समज जेथे सारखी होते, तो दृष्टान्त. संयुक्त सभेची सारी अडचण या एका व्याख्येत सुटते. दोन वेली ताटात ठेवून रांगेतून फिरविल्या की पदव्युत्तर वैद्य आणि दुकानातला नवा नोकर एकाच वेळी एकच गोष्ट शिकतात. खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट असते. वरची पातळ साल कागदासारखी निघते व आतला हिरवा रंग दिसतो. तिच्यावर बारीक ठिपके असतात, पण बोटांना लागतील अशा ठळक गाठी नसतात. ताजे खोड तोडल्यास दुधासारखा स्राव येत नाही. क्रिस्पाचे खोड राखाडी, गाठीगाठींचे, आणि तोडल्यास पांढरा स्राव देणारे. फळे असलीच तर गुळवेलीची गोल व लाल, दुसरीची लांबट व नारिंगी. आडवा काप घेतला की गुळवेलीत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, म्हणून पूर्वाचार्यांनी तिला चक्रलक्षणिका म्हटले. पण तिच्या भावंडांतही असे चाक दिसते, तेव्हा त्या एकाच खुणेवर भिस्त ठेवू नये. हे सर्व डोळ्यांनी पाहणे आणि बोटांनी चाचपणे यांस पडद्यावरील चित्राची सर येत नाही.

उपनय म्हणजे दृष्टान्ताचा प्रस्तुताशी मेळ घालणे. नेमकी हीच पायरी आपण बहुधा गाळतो. ‘या ताटात जसे दोन प्रकार आहेत, तसेच तुमच्या गुदामातील पोत्यातही असू शकतात, वर चांगला माल आणि तळाशी दुसरा.’ एवढे म्हटले की श्रोता आपल्या गुदामात जाऊन पोहोचतो. ‘हे माझ्याविषयी चालले आहे’ असे त्याला वाटू लागते, आणि तेथून पुढे त्याचे लक्ष धरून ठेवण्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही.

निगमन म्हणजे प्रतिज्ञेचा सिद्ध होऊन आलेला पुनरुच्चार. ‘म्हणून उद्यापासून रंग, साल आणि गाठी या तीन गोष्टी पाहिल्याखेरीज पावती करू नये, शंका आल्यास नमुना जाणकारांकडे धाडावा.’ व्याख्यान येथेच संपवावे. यानंतर ‘जाता जाता आणखी एक मुद्दा’ सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा.

कीर्तनकारांचा धडा

आपल्याकडे श्रोत्यांना तासन्‌तास बसविण्याची विद्या नवी नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून डोळ्यांपुढे उभे राहते. मध्यंतरी हार व बुक्का होतो, श्रोते जरा सैलावतात, आणि पुन्हा सावरून बसतात. बुवांच्या हाती झांज, मागे पेटी व तबला. पडदा नाही, स्लाईड नाही. तरी आजी आणि नातू दोघेही जागे असतात, कारण निरूपण कळले नाही त्याला आख्यान कळते आणि आख्यान ऐकता ऐकता निरूपणही उमगते.

यातून आम्ही दोन गोष्टी उचलल्या. एक अशी की, प्रत्येक सिद्धान्तामागे एका रुग्णाचे, एका पोत्याचे, एका चुकीचे आख्यान असावे. दुसरी अशी की, वीस मिनिटांनंतर सभेला उसंत द्यावी. वस्तू फिरवावी, हात वर करावयास सांगावे, शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलावयास सांगावे. दुपारच्या जेवणानंतरचे सत्र वाट्यास आले असेल तर हे अगत्याने करावे. दिवास्वप्नाचे दोष आपण जाणतोच. श्रोत्यांना त्या मोहात आपणच ढकलू नये.

पडदा हे अनुपान आहे

मूळ औषध वक्त्याच्या बोलण्यात असते आणि पडदा हे त्याचे अनुपान असते. अनुपानाने औषध नेमके व लवकर पोहोचते. परंतु अनुपानच प्यालाभर दिले आणि औषध चिमूटभर राहिले, तर गुण कसा यावा?

पडद्यावरचे वाक्य वाचून दाखविणे हा आपल्या सभांतील सर्वांत रूढ दोष आहे. श्रोत्यांना वाचता येते, आणि ते वक्त्यापेक्षा लवकर वाचून मोकळे होतात. मग उरलेला वेळ त्यांनी काय करावे? एका स्लाईडवर एकच गोष्ट असावी. सर्वांत मागच्या खुर्चीवर आपण स्वतः जाऊन बसावे आणि अक्षर वाचता येते का, हे सभेपूर्वी पाहावे. संहितेतील वचन द्यावयाचे असेल तर एकच द्यावे, मोठ्या अक्षरांत द्यावे आणि त्याचा मराठी अर्थ तोंडी सांगावा. देवनागरी अक्षरे दुसऱ्याच्या संगणकावर विस्कटतात, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. म्हणून सादरीकरणाची पीडीएफ प्रत वेगळी जवळ बाळगावी. आणि वीज जाईल हे गृहीत धरूनच तयारी करावी. वीज गेल्यावरही ज्याचे व्याख्यान चालू राहते, त्याचेच व्याख्यान खऱ्या अर्थाने तयार आहे असे आम्ही मानतो.

अधिक हाही दोषच

वाक्यदोषांत चरकांनी न्यून, अनर्थक, अपार्थक व विरुद्ध यांच्या पंक्तीस अधिक यालाही बसविले आहे. प्रस्तुताशी संबंध नसलेले बोलणे आणि तेच तेच पुन्हा बोलणे, हे दोन्ही त्यात येते. आपल्या ६४ स्लाईडचे निदान आम्हांस येथे झाले. आमच्या बोलण्यात असत्य काही नव्हते. अधिक फार होते, आणि त्या अधिकाने आवश्यक ते झाकले गेले.

आपण अधिक का बोलतो, याचा प्रामाणिक विचार केला तर उत्तर फारसे सुखद नाही. पुढच्या रांगेतील ज्येष्ठांना आपले वाचन दिसावे, अशी इच्छा मनात असते. सुश्रुतसंहितेत चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाचा दृष्टान्त आहे. त्याला ओझे कळते, चंदन कळत नाही. अर्थ न जाणता शास्त्रे पाठ करणाऱ्याविषयी तो दिला आहे. आम्हांस मात्र त्या रात्री वाटले की, आपण श्रोत्यांच्या पाठीवरही तसाच भार लादला. चंदनाचा गंध त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला नाही.

दिलेला वेळ चाळीस मिनिटांचा असेल तर तीस मिनिटांचे बोलणे तयार करावे. उरलेली दहा मिनिटे प्रश्नांची. मागील वक्त्याने वेळ खाल्ला असेल तर आपण वेगाने बोलू नये; दृष्टान्तांपैकी एखादा गाळावा, पण प्रतिज्ञा व निगमन कधीही गाळू नये.

योग्या

शस्त्रकर्म रुग्णावर करण्यापूर्वी शिष्याकडून योग्या करवून घ्यावी, असा सुश्रुतांचा दंडक आहे. छेदनासाठी कोहळा, भोपळा, काकडी अशी फळे. वेधनासाठी मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ. बहुश्रुत असूनही ज्याने योग्या केली नाही तो कर्मास अयोग्य, इतक्या स्पष्टपणे त्यांनी हे सांगितले आहे.

बोलणे हेही कर्मच आहे. घरात घड्याळ लावून संपूर्ण व्याख्यान एकदा मोठ्याने बोलावे. मनात वाचलेले तीस मिनिटांचे व्याख्यान तोंडाने बोलताना पंचेचाळीस मिनिटांचे होते, हे तेव्हाच कळते. ऐकावयास विषयाशी संबंध नसलेली एक व्यक्ती बसवावी. आम्ही आमच्या दवाखान्यातील औषध देणाऱ्या ताईंना बसवितो. “सर, हे नाही समजलं,” असे त्या ज्या ठिकाणी म्हणतात, तेथे सभेतील निम्मी माणसे अडखळणार, असे समजून तो भाग पुन्हा लिहितो.

प्रश्नांचे स्वागत

श्रोता खरोखर गुंतला की नाही, याची खूण प्रश्नांत दिसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील आत्रेयभद्रकाप्यीय अध्यायात रसांच्या संख्येविषयी ऋषींची सभा भरते. एक म्हणतो रस एकच, दुसरा म्हणतो दोन, आणि संख्या वाढत वाढत अगणितापर्यंत जाते. पुनर्वसू आत्रेय सर्वांचे म्हणणे पुरते मांडू देतात आणि मग रस सहाच, असा निर्णय देऊन इतरांचे मत कोठे बसते व कोठे बसत नाही हे उलगडतात. क्षार हा रस नव्हे, ते द्रव्य आहे, असे. कोणाची टवाळी होत नाही आणि कोणाचा प्रश्न टाळलाही जात नाही.

संधायसंभाषेच्या वर्णनातही हीच वृत्ती आहे: निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, विचारले असता उलगडून सांगावे, हरण्याची भीती बाळगू नये, जिंकल्याचा हर्ष मिरवू नये. सभेत प्रश्न आला की तो आधी सर्वांना ऐकू जाईल असा पुन्हा उच्चारावा. उत्तर ठाऊक नसेल तर ‘पाहून कळवितो’ असे सांगावे, आणि खरोखरच कळवावे. प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणाऱ्या ज्येष्ठांना मध्येच तोडू नये, त्यांच्या बोलण्यातील एक मुद्दा उचलून “आपण म्हणता त्यावर दुकानदार मंडळींचा अनुभव काय?” असे सभेकडे वळवावे. दुकानदार बहुधा वैद्यांपुढे विचारण्यास संकोचतात. त्यांच्यासाठी कोऱ्या चिठ्ठ्या व पेटी ठेवावी. आमच्या पहिल्या सभेत अशी पेटी असती, तर कदाचित तो गाठींचा प्रश्न सहा आठवडे आधी आला असता.

एक मर्यादा

श्रोत्यांना गुंतविण्याच्या भरात मर्यादा सुटू देऊ नये. रुग्णाचे छायाचित्र वा अहवाल त्याच्या लेखी संमतीवाचून पडद्यावर येऊ नये. गावात चेहरा झाकूनही माणूस ओळखू येतो. एखाद्या औषधनिर्मात्याच्या खर्चाने सभा होत असेल तर ते आरंभीच सांगावे, कारण लपविलेला संबंध श्रोत्यांना कळतोच आणि मग आपले खरे बोलणेही ते अर्ध्या किमतीत घेतात. व्याख्यान सर्वसामान्य जनतेपुढे असेल तर विशेष जपावे. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात मधुमेह, कर्करोग यांसारख्या अनुसूचीतील व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिरातीस मनाई आहे, आणि त्यात जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी केलेली घोषणाही येते. टाळ्या मिळविण्यासाठी केलेला दावा सभागृहाबाहेर गेला की आपल्या ताब्यात राहत नाही.

पुन्हा तीच सभा

त्या प्रसंगानंतर आम्ही संयोजकांकडे तीच सभा पुन्हा मागून घेतली. या वेळी स्लाईड तीनच होत्या. मेजावर चार ताटे होती. आरंभी आम्ही पोत्याची गोष्ट सांगितली, आमच्या चुकीसह. ज्यांच्या दुकानातील तो माल होता त्यांची परवानगी आम्ही आधी मागितली होती. ते स्वतःच पुढे आले आणि पोते कसे उघडावे, तळाचा माल कसा काढून पाहावा, हे त्यांनी दाखविले. वैद्य मंडळी ऐकत होती. शेवटी प्रत्येकास क्रमांक घातलेले तुकडे देऊन ओळखावयास सांगितले. काही जण चुकले, त्यांत आमचे एक समव्यवसायी मित्रही होते. हशा झाला, तुकडे पुन्हा फिरले, चुकलेल्यांनी पुन्हा चाचपून पाहिले. चहा थंड झाला तरी ताटांभोवतीची गर्दी हलली नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याच सभेतील एका दुकानदाराने आलेले पोते उघडले, तुकडे चाचपले आणि माल दलालाकडे परत पाठविला. त्यांनी आम्हांस फोन केला तो सल्ला विचारण्यासाठी नव्हे, केवळ कळविण्यासाठी. आमच्या आजवरच्या व्याख्यानांना मिळालेल्या सर्व शालश्रीफळांपेक्षा तो दोन मिनिटांचा फोन आम्हांस मोलाचा वाटतो.

येत्या हंगामात आपल्यापैकी अनेकांच्या शिरावर ‘चाळीस मिनिटे’ येऊन पडतील. स्लाईड उघडण्यापूर्वी एका कागदावर एवढेच लिहावे: समोर कोण बसणार आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कोणती एक गोष्ट वेगळी करावी. बाकीचे सादरीकरण त्या कागदातून निघेल.